अकीकाच्या पाच कड्या

औंढ्याच्या ग्यानबा पटवेकऱ्याला कुणी कोंडून घातलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं ऐकताना तुम्हाला तसं वाटेल म्हणून सांगतो. दाराला कुलूप नव्हतं, पायात बेडी नव्हती. दोन वेळा ज्वारीची गरम भाकर, वर तुपाची धार, निजायला नवी घोंगडी. एवढ्या थाटात माणूस अडकतो कसा, असं विचाराल तर ऐका.

पटवेकरी म्हणजे रेशमात दागिने गाठणारा. सोनार डोरलं घडवून मोकळा होतो, पण ते गळ्यात घालायचं तर मणी ओवायला, गोंडा बांधायला पटवेकरी लागतो. नागनाथाच्या देवळाच्या वाटेवर ग्यानबा चटई टाकून बसायचा. बायको जाऊन चार वर्षं झालेली, लेकरूबाळ नाही. इस्टेट म्हणाल तर एक लाकडी पेटी, आणि पेटीत आज्यापासून चालत आलेल्या अकीकाच्या पाच कड्या. अकीक म्हणजे तो फकिरांच्या अंगठीत असतो तो दगड. मोठीपासून लहानीपर्यंत पाच कड्या. कच्चं रेशीम पहिलीतून ओढायचं, मग दुसरीतून, असं करत पाचवीतून बाहेर काढलं की त्याचा एक तंतू वर राहत नसे. ह्या कड्यांशिवाय रेशमाला घोट येत नाही, आणि बिनघोटाचं रेशीम मण्यात दोन वर्षं टिकत नाही. औंढ्यात, कळमनुरीत दुसरे पटवेकरी होते, पण अशा कड्या कुणाकडं नव्हत्या. त्यामुळं ग्यानबाला गर्व होता, आणि तो का नसावा?

त्याच्या घराण्याच्या दोन रीती होत्या. एक, कुणाचं सोनं तोलून घ्यायचं नाही आणि तोलून द्यायचं नाही. दोन, नवरीच्या पोतीची शेवटची गाठ नवरीच्या उंबऱ्यावर बसून, तिच्या आईसमोर बांधायची आणि पोत आपल्या हातानं तिच्या हातात द्यायची. मधे तिसरा हात येऊ द्यायचा नाही. बाप मरताना जमिनीबिमिनीचं काही बोलला नाही, ह्या दोन गोष्टी तेवढ्या बोलला.

त्या माघात सुभद्राबाईच्या सिंधूचं लग्न निघालं. सुभद्राबाई गावाच्या कडेला राहणारी विधवा बाई, थोडं शेत, वीसेक मेंढरं. लग्न शुक्रवारी दुपारचं. आदल्या शुक्रवारी तिनं फडक्यात बांधून डोरल्याच्या दोन वाट्या आणि एकवीस सोन्याचे मणी ग्यानबापुढं ठेवले. सासूचं होतं, आईचं होतं, दोन मणी मेंढरं विकून केलेले. ग्यानबानं रीतीप्रमाणं तोलायचं नाव काढलं नाही, आणि तीही म्हणाली, त्यात काय तोलायचं, दादा, तुमी हाव ना. हे वाक्य ध्यानात ठेवा.

शनिवारी सकाळीच दगडोबा दारात उभा. दगडोबा म्हणजे व्यंकटराव देशमुखांचा गडी. सिद्धेश्वराच्या पल्याड पूर्णेनं वेढा घातलाय, तिथं देशमुखांचं गाव. तीन बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला देशमुखांचीच शेतं आणि देशमुखांचीच कुत्री. मालकांनी बोलावलंय, अर्ध्या दिवसाचं काम हाय, पेटी घेऊन चला, एवढंच तो बोलला. नाही म्हणायची सोय नव्हती. रिकाम्या घरात दुसऱ्याचं सोनं कसं ठेवायचं, म्हणून ग्यानबानं ते फडकं पेटीत घातलं आणि पेटी डोक्यावर घेतली. सटवाजी भोयानं नावेतून पार उतरवलं.

व्यंकटराव माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. गोरा, जाडजूड, हसरा. नाद एकच, गळ टाकून मासे धरायचा. तोही भोयांसारखा नाही, साहेबासारखा. सिकंदराबादेत कुण्या साहेबाच्या लिलावात त्यानं एक पितळी चरखी घेतली होती, दोरी गुंडाळायची. बुरडाकडून भरीव कळकाची काठी तासून घेतली होती. चरखी काठीच्या पाठीवर बसायची, आणि तिची रेशमी दोरी काठीवर बांधलेल्या कड्यांमधून शेंड्यापर्यंत जायची. त्या कड्या रेशमानं गच्च वेढून बसवाव्या लागतात, आणि ते वेढे कुजले होते. म्हणून पटवेकरी.

देशमुखाचं खरं दुखणं निराळंच होतं. दिवाळीत तहसीलदार पाहुणे आले असताना डोहात एक मोठा शिंगाळा गळाला लागला. ओढ बसली तशी काठी हातातल्या हातात उलटी फिरली, चरखी खाली गेली, मनगट मुरगळलं, दोरी तुटली. तहसीलदार पोट धरून हसले. तेव्हापासून देशमुखाला अन्न गोड लागत नव्हतं.

रविवारी दुपारपर्यंत ग्यानबानं जुन्या कड्या जशा होत्या तशा नव्या रेशमानं वेढून दिल्या. काम झालं होतं. पेटी उचलायची आणि नावेत बसायचं, एवढंच उरलं होतं. पण जीभ गप्प बसेल तर ना! देशमुखानं काठी हातात घेऊन विचारलं, फिरते काहून ही? आणि ग्यानबा बोलून गेला.

"मालक, वजन खालीच लटकायला बघतं. मण्याची पोत बघा, डोरलं कितीबी वर धरलं तरी फिरून खालीच येतं. तुमी दोरी काठीच्या डोक्यावरून नेऊन राहिले. ओढ बसली की ती खाली यायला बघते अन् काठीला घेऊन फिरते. चरखी राहू द्या वरच. पहिली कडी तिच्यासमोर वर. दुसरी जरा कुशीला. तिसरी पार बगलेला. चौथी आणिक खाली, अन् शेंड्याची पाचवी बराबर पोटाखाली. दोरी काठीला वळसा घालून आधीच खाली आली, तर तिला फिरवायचं काय राहतं?"

देशमुखानं काठी खाली ठेवली. मग उठला आणि त्यानं ग्यानबाची पेटी उचलून आपल्या कपाटात ठेवली.

"उंदरं लई झालेत, रेशीम कुरतडतील. तशी काठी करून दे, मग नेजो."

कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली देशमुखाच्या करदोड्याला गेली. गंमत बघा, तो करदोडा गेल्या साली ग्यानबानंच वळून दिलेला. सकाळी देशमुख स्वतः कपाट उघडायचा, रेशीम आणि मेण काढून द्यायचा, संध्याकाळी परत आत. पेटीत परक्याचं सोनं आहे, शुक्रवारी लग्न आहे, हे ग्यानबानं त्याच दिवशी सांगितलं. देशमुख म्हणाला, मग तर कपाटातच बरं की, आणि शुक्रवारला लई वेळ हाय.

ग्यानबानं जुन्या कड्या नव्या जागी बांधल्या. काठी आता फिरत नव्हती, पण दुसरंच निघालं. दोरी काठीभोवती वळते तिथं ती कडीच्या एका कुशीला घासते. पूर्णेचं पाणी गाळाचं. ओली, गाळानं भरलेली दोरी करवतीचं काम करते. ग्यानबानं दोरीला पाण्याची घागर बांधून दोनशे वेळा वरखाली ओढली आणि मग त्याच्या धंद्यात करतात ते केलं. कच्च्या रेशमाचा एकच तंतू कडीतून हलक्या हातानं फिरवला. मण्याचं भोक असंच तपासतात. तंतू अडकला की तो मणी नवरीच्या पोतीत जात नाही. तंतू अडकला. पितळेला चर पडला होता. आज तंतू अडकला म्हणजे उद्या दोरी तुटणार.

चांगल्या कड्या मुंबईहून मागवल्या होत्या, पण जर्मनची लढाई लागली आणि पार्सल आलंच नाही. मग सोमवारपासून कड्यांचा शोध सुरू झाला. लोहारानं लोखंडाच्या केल्या, त्या एका दिवसात गंजून खरबरीत झाल्या. देशमुखीणबाई नर्मदाबाईंनी आपली जुनी चांदीची जोडवी दिली. चांदी मऊ, शंभर ओढीत चर. काचेच्या बांगड्यांचे बारके वेढे करून पाहिले, ते पहिल्याच झटक्याला तडकले. दरवेळी देशमुख शेजारी पाट टाकून बसायचा, तंतू फिरताना श्वास धरायचा आणि तंतू अडकला की लेकरासारखा हिरमुसायचा. मग म्हणायचा, होईल, होईल, घाई काय हाय, चल जेवून घे.

नर्मदाबाई शहाणी बाई. सोमवारीच तिनं ओसरीवर येऊन ग्यानबाला सांगितलं, की ह्यांचा नाद असा लवकर सुटायचा न्हाई, अन् काम झाल्याबगर तुला ते सोडायचे न्हाईत. ह्यांच्याकडून किल्ली मागून सोनं मी कपाटातून काढून देते, दगडोबा घोड्यावर जाऊन सुभद्राबाईच्या हातात देऊन येईल, तुझा जीव मोकळा होईल.

ह्याला म्हणतात सुटकेची वाट. आणि हा शहाणा काय म्हणाला? न्हाई म्हणाला. आमच्या घराण्यात तिसरा हात लागत न्हाई, बाईसाहेब. गाठ उंबऱ्यावर बांधायची असते. मी स्वतः नेईन. पोत अजून ओवलेलीसुद्धा नव्हती, आणि याला उंबरा आठवत होता! बाई आत जायला वळली. मग निदान निरोप तरी पाठवा, असं ग्यानबानं विनवलं, तेवढं तिनं केलं.

दगडोबा मंगळवारी औंढ्याला गेला आणि निरोप देऊन आला. काय निरोप दिलास, ग्यानबानं विचारलं. दगडोबानं सरळ सांगितलं. पटवेकरी मजेत हाय, तूपभाकर खाऊन राहिला, सोन्याची काळजी नको, पेटी मालकाच्या कपाटात कुलपात हाय. ऐकून ग्यानबाच्या तोंडचं पाणी पळालं. शब्द न् शब्द खरा होता. पण देशमुखाच्या कपाटात गेलेली वस्तू परत आल्याचं त्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं.

बुधवारी त्याला भाकर जाईना. नदीकाठी जाऊन आला. सटवाजीची नाव समोरच होती, सटवाजीनं अडवलंही नसतं. पण पेटी टाकून पळाला असता तर सोनं घेऊन पळाला म्हणायला गाव मोकळं. पेटी इथं आणि नाव तिथं, मधे ग्यानबा. तो ओसरीवर परत आला आणि खांबाला टेकून बसला. आता खरं सांगायचं तर त्याला रविवारपासूनच ठाऊक होतं की ह्या काठीला कोणत्या कड्या लागतात. लोखंडापेक्षा टणक, काचेपेक्षा चिवट, साठ वर्षं रेशीम ओढूनसुद्धा जिच्यावर चर नाही, अशी वस्तू त्या गावात एकच होती, आणि ती कपाटात, त्याच्याच पेटीच्या तळाला होती. म्हणूनच तो पितळ, चांदी, काच करत बसला होता. बोलत मात्र नव्हता. त्या दिल्या तर घरी जाऊन खायचं काय? आणि नाही दिल्या तर घरी जायचं कसं? नाव मोठं की धंदा मोठा, हे त्यानं बुधवार सगळा मनात घोळवलं. नावावाचून धंदा कुठला, असं शेवटी त्याच्या मनानं घेतलं, आणि तेही चूक नव्हतं.

गुरुवारी सकाळी देशमुखानं कपाट उघडलं तेव्हा ग्यानबा म्हणाला, "मालक, तळची पिशवी काढा."

पाच अकीकाच्या कड्या देशमुखाच्या तळहातावर पडल्या. मधासारखा रंग, आरपार उजेड. मोठीपासून लहानीपर्यंत, जशा काही ह्याच काठीसाठी केलेल्या. देशमुखानं विचारलं, इतके दिवस काहून बोलला न्हाईस? ग्यानबानं कड्या उचलून गावच्या सोनाराकडं नेल्या. सोनारानं प्रत्येक कडीला तारेचे दोन पाय करून दिले आणि ग्यानबा बांधायला बसला. पहिली वर, दुसरी कुशीला, तिसरी बगलेला. वाकडं बांधता आलं असतं, ढिलं बांधता आलं असतं, पण हात ऐकेनात. एका वेढ्याला दुसरा वेढा असा चिकटून बसवला की मधे नख जाईना. वर लाखेचा पातळ हात दिला. घागर दोनशे वेळा ओढली, तंतू फिरवला. तंतू पाचही कड्यांतून पाण्यासारखा वाहिला.

दिवस अजून दोन कासरे वर होता. ग्यानबा उठला आणि म्हणाला, सरकार, आता पेटी द्या. संध्याकाळपर्यंत सिद्धेश्वर गाठतो, सकाळी औंढ्यात.

"लाख वाळू दे की," देशमुख म्हणाला. "उद्या उजाडताच एक मासा काढू. एकच. मग जा."

शुक्रवारी उजाडताच दोघं डोहावर. एक तास गेला, दुसरा गेला. ग्यानबा सूर्याकडं बघत होता, देशमुख पाण्याकडं. आयुष्यात कधी मासा न खाल्लेला माणूस त्या दिवशी मनातल्या मनात माशाला हात जोडून म्हणत होता, ये रे बाबा, लाग एकदाचा. प्रहरभर दिवस चढल्यावर ओढ बसली. शिंगाळाच होता. काठी कमानीसारखी वाकली, चरखी कुरकुरली, दोरी काठीला वळसा घालून कड्यांमधून सर्र निघाली, आणि काठी हातात तसूभरही फिरली नाही. अर्ध्या घटकेनं मासा वाळूवर होता. देशमुखाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ग्यानबाला मिठी मारली, स्वतः घरी जाऊन पेटी आणून दिली, वर धोतरजोडी दिली.

"ग्यानबा, तू इथंच राह्य गड्या. न्हाई राहायचं तर जा, पण परत ये."

ग्यानबानं नावेत बसल्या बसल्या फडकं सोडलं. दोन वाट्या, एकवीस मणी, सगळं जिथल्या तिथं. नाव चालली असतानाच त्यानं पेटीत उरलेल्या घोटलेल्या रेशमात पोत ओवून काढली. शेवटची गाठ तेवढी ठेवली, उंबऱ्यासाठी. पल्याड उतरला आणि पेटी डोक्यावर घेऊन निघाला तो कुठं टेकला नाही. पाच कोस वाट. पायाला फोड आले.

मांडवाशी पोचला तेव्हा वाजंत्री थांबलेली होती. अक्षता पडून घटका झाली होती. सिंधू बोहल्याजवळ बसली होती आणि तिच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड होतं. ज्यांच्या घरी सोनं नसतं त्यांच्या लेकी असं हळकुंड बांधून सासरी जातात. सुभद्राबाईनं आयुष्यभर जमवलेलं सोनं ग्यानबाच्या मुठीत होतं.

माणसं बाजूला झाली. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. तो उंबऱ्यावर जाऊन बसला, मांडीवर पोत ठेवली आणि गाठीसाठी रेशमाची दोन टोकं बोटांत धरली. सुभद्राबाई समोर आली. तिचे डोळे सुजले होते. तिनं मागं वळून गुलाबचंद सराफाला हाक मारली. मेंढरं विकून केलेले दोन मणी त्याच्याकडचेच, तेव्हाच सगळ्या सोन्याचं वजन त्याच्या वहीत चढलेलं. गुलाबचंद लग्नाला आला होता आणि आज तराजू घेऊन आला होता.

"दादा, राग मानू नगा," सुभद्राबाई म्हणाली, "पण आधी तोलून घेते."

ग्यानबाच्या बोटांतून पोत तिनंच काढून घेतली. सगळ्या मांडवादेखत गुलाबचंदनं एका पारड्यात पोत ठेवली, दुसऱ्यात गुंजा. रेशमाचं वजन वजा केलं. पुन्हा एकदा तोललं. मग मान हलवून म्हणाला, बराबर हाय, गुंजभर कमी न्हाई.

सुभद्राबाईनं पोत पदरात घेतली. ग्यानबानं हात पुढं केला, गाठ राहिली होती म्हणून.

"राहू द्या," ती म्हणाली. "गाठ आमी बांधून घेऊ."

आता तिला तरी काय बोलायचं? तिनं ज्याला तोललं नाही त्यानं तिला चार दिवस रडवलं होतं. पण गाठ न बांधता उंबऱ्यावरून उठणारा ग्यानबा त्याच्या घराण्यातला पहिलाच, हेही मला सांगितलंच पाहिजे. जेवून जा, असं कुणीतरी म्हणालं. तो जेवला नाही.

त्यानंतर दीड महिना तो देवळाच्या वाटेवर चटई टाकून बसला. येणारे आता सोबत सोनार आणायचे, तोलून द्यायचे, तोलून न्यायचे, आणि तेही दोघं-तिघंच. घरचं घोटलेलं रेशीम संपलं. नवं रेशीम तो बोटांनी घोटून पाहायचा, मेण लावून पाहायचा, पण तंतू वर राहायचेच. एका बाईची पोत पंधरा दिवसांत तुटली आणि ती चटईवर मणी आपटून गेली. त्या दिवशी त्यानं चटई गुंडाळली.

सटवाजीनं त्याला पल्याड उतरवलं. ओसरीवर काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली होती. देशमुख आनंदानं ओरडत बाहेर आला, नर्मदाबाई दारात येऊन उभी राहिली आणि तिनंच त्याची पेटी आत नेली. ती ह्यावेळी कपाटात ठेवली नाही, कोपऱ्यात ठेवली. कुलूप लावायची आता काही गरज नव्हती.

अजूनही तो तिथंच आहे. देशमुखाच्या घरच्यांचे करदोडे वळतो, पोती गाठतो. सकाळी काठीपाशी बसतो, कच्च्या रेशमाचं टोक पहिल्या कडीत घालतो आणि ओढत जातो. वरच्या कडीतून कुशीच्या, कुशीच्या कडीतून बगलेच्या. रेशीम काठीभोवती वळसा घेत खाली येतं आणि पाचव्या कडीतून घोटून बाहेर पडतं. मालकाला मासे धरायला जायचं असलं, की तेवढा वेळ हात थांबवतो.